बोट धरून चालताना



या व्यासपीठावरून आपण इतिहासावर, संतवाङ्मयावर, सहकारावर आणि पाण्याच्या प्रश्नावर मोठमोठी व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने माझा विषय अगदीच किरकोळ वाटण्याचा संभव आहे. एका मोठ्या माणसाने एका लहान मुलाला बरोबर घ्यावे आणि कसलीही घाई न करता घराबाहेर तासभर घालवावा, एवढ्याच गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे. 'यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? आम्ही मुलांना बाहेर नेतोच की!' असे आपणांपैकी काहींच्या मनात आलेही असेल. नेतो हे खरे. पण कसे नेतो, ते जरा पाहू. आपण मुलाला शाळेत पोचवावयास नेतो, कापडबाजारात नेतो, लग्नाला नेतो, शिर्डीला किंवा मोहट्याच्या देवीला नेतो. या प्रत्येक खेपेला काम आपले असते, वेळापत्रक आपले असते, आणि मूल हे आपल्या सामानातला एक नग असते. फरक इतकाच की हा नग मधून मधून रडतो आणि पाणी मागतो. सुटीत आपण भंडारदऱ्याला सहलीला जातो. तेथे चार कुटुंबे, दोन मोटारी, डबे, सतरंज्या असा सगळा जामानिमा असतो. पुरुषमंडळी एकीकडे गप्पा मारतात, बायका डबे उघडतात, मुलांना 'पाण्याजवळ जाऊ नका' एवढे बजावले की आपले कर्तव्य संपते. सहलीविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु मी ज्या गोष्टीविषयी बोलतो आहे ती ही नव्हे.

मी म्हणतो त्या गोष्टीत माणसे दोनच असतात. एक मोठे आणि एक लहान. लहान म्हणजे साधारण दोन वर्षांपासून सहा-सात वर्षांपर्यंतचे. तिसरे कोणी नसावे, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. दुसरे मोठे माणूस बरोबर आले की दोन मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागतात आणि मूल एकटे पडते. दुसरे मूल आले की दोघे आपल्या खेळात आणि भांडणात गुंततात, आणि मोठ्या माणसाकडे फौजदारकी येते. दोघेच असले म्हणजे मात्र मुलाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे एकच माणूस असते, आणि त्या माणसालाही पळून जावयास जागा राहत नाही.

आपल्याकडे एकत्र कुटुंबाची फार वाखाणणी होते. मी स्वतः तशाच घरात वाढलो. त्या घरात मुलाला माणसांची वाण नसे. आजी होती, काकू होती, आत्या होती, चुलतभावंडांचे लेंढार होते. पण त्या सगळ्या गर्दीत एखाद्या मोठ्या माणसाचे पूर्ण अर्धा तास लक्ष आपल्या एकट्यावर आहे, असा अनुभव किती मुलांना येई? वडील तर मुलांशी फारसे बोलतच नसत; चारचौघांत, विशेषतः आपल्या वडिलांच्या देखत, स्वतःच्या मुलाला उचलून घेणेही लाजेचे समजले जाई. त्या घराने मुलांना सांभाळले, पण त्यांच्याकडे निवांत पाहण्याची सवड त्या घरालाही क्वचितच होती. फक्त त्या काळी एक गोष्ट आपोआप मिळे, ती म्हणजे अंगण. माळीवाड्यातल्या किंवा झेंडीगेटाजवळच्या जुन्या वाड्यातले मूल उंबरा ओलांडला की मातीत असे. आता सावेडीकडे ज्या इमारती उठल्या आहेत त्यांत तिसऱ्या मजल्यावर उंबरा ओलांडला की जिना लागतो, जिना संपला की वाहनतळ लागतो आणि वाहनतळ संपला की रस्ता. पूर्वी मोठे माणूस नसले तरी अंगण असे. आज मोठे माणूस बाहेर नेणार नसेल तर मुलाला बाहेरच नाही. या विषयाची निकड जी वाढली आहे, ती यामुळे.

आता चालण्याच्या गतीकडे येतो. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांचे नाव आपणांस परिचित आहेच. या बाई १९३९ साली मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे येथेच अडकून पडल्या आणि १९४६ पर्यंत आपल्या देशात राहून त्यांनी कितीतरी शिक्षक तयार केले. लहान मुलाच्या चालण्याविषयी त्यांनी एक फार बारीक गोष्ट टिपली आहे. मोठे माणूस चालते ते कोठेतरी पोचण्यासाठी. मूल चालते ते चालण्यासाठी. म्हणून मोठ्या माणसाबरोबर मूल थकते, आणि त्याच्या स्वतःच्या गतीने, थांबत, बसत, मागे वळत चालू दिले तर तेच मूल आपल्याला आश्चर्य वाटेल एवढे अंतर काटते. आपण तासाला पाच किलोमीटर चालणारी माणसे. आपल्या एका ढेंगेत त्याची दोन-तीन पावले होतात. आपण बोट धरून ओढत असतो आणि वर म्हणतो, 'किती रेंगाळतोस रे!' रेंगाळणे हेच त्याचे काम आहे, हे एकदा मान्य केले की बाकीचे सोपे होते.

माझी नात चार वर्षांची असताना मी तिला रोज सकाळी भिस्तबागेच्या बाजूला फिरावयास नेत असे. नेत असे म्हणजे निघत असू. पोचत होतो असे नाही. एके दिवशी वाटेत बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगाजवळ आमचा मुक्काम पडला. तेथून मुंग्यांची एक रांग भिंतीकडे चालली होती. नात उकिडवी बसली. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मग तिने विचारले, "आबा, यांना घर कुणी दाखवलं?" मी म्हणालो, "चालताना त्या जमिनीला वास लावून ठेवतात, म्हणे. मागच्या मुंग्या त्या वासावरून जातात." तिने माझ्याकडे असे पाहिले की, तुमचे म्हणणे तपासून घेतले पाहिजे. आणि मला न विचारता तिने रांगेच्या मध्ये बोट टेकवून जमीन आडवी घासली. मुंग्या त्या जागी येऊन थबकल्या, इकडेतिकडे फिरू लागल्या, काही मागे वळल्या. थोड्या वेळाने एक-दोघी पलीकडे पोचल्या आणि रांग पुन्हा जुळली. तिने पुन्हा बोट घासले, पुन्हा तसेच झाले. त्या दिवशी आम्ही घरापासून चारशे पावले गेलो आणि पाऊण तासाने परत आलो. घरी विचारणा झाली, 'कुठपर्यंत गेला होता?' या प्रश्नाला सांगण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

अशा निवांतपणाची एक विलक्षण कथा आपल्या गावच्या भुईकोट किल्ल्यात घडलेली आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांना पकडून या किल्ल्यात आणून ठेवले, हे नगरच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पंडित नेहरूंनी १९४४ साली येथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, तेही ठाऊक असते. पण त्याच किल्ल्यात मौलाना आझादांनी पत्रे लिहिली, ती पोस्टात पडली नाहीत, पुढे १९४६ साली 'गुबारे खातिर' या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली, आणि त्यांत चिमण्यांची एक गोष्ट आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. मौलानांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधावयास आरंभ केला. काड्या आणि कचरा पडू लागला. मौलानांनी प्रथम त्यांच्याशी युद्ध पुकारले, त्यांना हाकलून पाहिले. चिमण्या काही हटेनात. तेव्हा त्यांनी तह केला. दाणे टाकावयास सुरुवात केली, प्रथम लांब, मग जरा जवळ, मग आणखी जवळ. आणि स्वतः दगडासारखे निश्चल बसून राहिले. होता होता चिमण्या त्यांच्या हातावरचे दाणे टिपू लागल्या. प्रत्येक चिमणीचा स्वभाव त्यांना कळू लागला आणि त्यांनी त्यांना नावेही ठेवली. केवढा विद्वान पुरुष, केवढ्या उलाढालींतला! त्याला चिमणीचा स्वभाव कळावयास तुरुंगात यावे लागले, कारण तेथे त्याच्यापाशी वेळ होता. चार वर्षांच्या मुलापाशी तो वेळ जन्मतःच असतो. त्याच्या शेजारी तसाच निश्चल बसणारा सोबती तेवढा नसतो.

किल्ल्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. नेहरूंची कन्या दहा वर्षांची असताना, १९२८ च्या उन्हाळ्यात, ती मसुरीला होती आणि हे अलाहाबादेत होते. तेथून त्यांनी तिला पत्रे लिहिली आणि पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने निघाली. त्या पत्रांच्या आरंभीच ते तिला सांगतात की, सृष्टी हे एक पुस्तक आहे आणि साधा गोटासुद्धा त्यातले एक पान आहे. तो वाटोळा आणि गुळगुळीत का झाला, तो कोणत्या खडकाचा तुकडा होता, पाण्याने त्याला कसे लोळवले, हे त्याला पाहून वाचता येते. पत्रे सुंदर आहेत, घराघरांत वाचली जावीत अशी आहेत. पण मला ती वाचताना नेहमी वाटते की हा बाप तेव्हा मुलीबरोबर एखाद्या ओढ्याच्या काठी असता तर हे लिहावे लागले नसते. गोटा तिच्या हातात देता आला असता. पुढे २० ऑगस्ट १९४४ ला त्यांना पहिला नातू झाला, तेव्हाही ते आपल्या या किल्ल्यात बंदिवान होते. तेथील दगडगोट्यांनी भरलेल्या जमिनीत ते उन्हातान्हात फुलझाडांचे वाफे खणीत असत. त्यांच्यावर सक्तीचा विरह होता. आपल्यावर कोणत्या सरकारची सक्ती आहे? सीना नदी आपल्या गावाला लागून आहे. वर्षातले कित्येक महिने तिच्यात धड पाणी नसते आणि जे असते ते बघवत नाही, हे मी नाकारीत नाही. पण गावाबाहेर कोणत्याही ओढ्यात उतरलात तरी काळा दगड मिळेल. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा तो तुकडा आहे. त्याच्या पोटात पांढरे, चमकणारे स्फटिक सापडले तर मुलाच्या दृष्टीने तो हिराच. तो घरी आणू द्यावा. घरातील स्त्रियांना मी आधीच विनंती करून ठेवतो की, केरात टाकू नये.

येथे एक अडचण पुढे येते. पुष्कळ आईबाप म्हणतात, 'आम्हांला पक्ष्यांची नावे येत नाहीत, झाडे ओळखता येत नाहीत. मुलाला आम्ही काय सांगणार?' अमेरिकेत रेचेल कार्सन नावाच्या विदुषी होऊन गेल्या. कीटकनाशकांच्या अतिवापराविरुद्ध १९६२ साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाने जग हलले. त्याआधी १९५६ साली त्यांनी एका मासिकात एक लेख लिहिला होता. त्यांच्या मृत्यूनंतर १९६५ साली तो पुस्तकरूपाने आला. भाचीचा मुलगा वीस महिन्यांचा असताना त्याला घोंगडीत गुंडाळून, वादळी रात्री, भर पावसात त्या समुद्राकाठी घेऊन गेल्या आणि काळोखात उसळणाऱ्या लाटा पाहून दोघेही हसू लागले, असे त्यांनी लिहिले आहे. समुद्राच्या शास्त्रात या बाईंचा अधिकार मोठा. तरी त्यांनी मुलाला धडे दिले नाहीत. जे आवडले ते त्याला दाखवले, एवढेच केले. नावे त्याने आपोआप उचलली. त्यांचे म्हणणे असे की, या वयात माहितीपेक्षा वाटणे महत्त्वाचे. आणि त्यासाठी मुलाला एक तरी मोठे माणूस असे हवे, ज्याला स्वतःला नवल वाटते. मला हे पूर्ण पटते. आपल्याकडे उलट चालते. मूल गुलमोहराखाली उभे राहते न राहते तोच आपण विचारतो, 'सांग, फुलाचा रंग कोणता? इंग्रजीत काय म्हणतात?' बाहेर पडूनही आपण परीक्षाच घेतो. टिटवी ओरडली तर ती ओरडू द्यावी. नाव ठाऊक नसेल तर, 'मलाही ठाऊक नाही, आपण बघू,' असे म्हणण्यात बापाची इभ्रत जात नाही.

आपल्या महाराष्ट्रात या वाटेने फार मोठे काम झाले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला जे केले ते पाहा. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. तेव्हा त्या बालवाडीच उचलून पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. खेळण्यांच्या जागी शंख, शिंपले, पाने, बिया आणि गोटे आले. जी मुले गुरे राखत ती अंगणातही येऊ शकत नव्हती. तर त्यांच्यासाठी कुरणावर शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हणत. १९७५ साली भारत सरकारची बालविकास योजना निघाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आज पुष्कळ ठिकाणी अंगणवाडी एका बंद खोलीत भरते आणि तिला अंगण नसते, हा भाग निराळा.

पण कुरणशाळेची आठवण निघाली की एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलाला घेऊन ओढ्याकाठी बसा, हे पोट भरलेल्यांचे बोलणे आहे, असे कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला कुटुंबे निघतात. त्यांची मुले पाच-सहा महिने अहोरात्र उघड्यावरच असतात. पहाटे थंडीत उठून आईबाप फडात जातात आणि मूल पाचटावर किंवा कोपीच्या दारात, धाकट्या भावंडाला सांभाळीत बसते. त्याला आकाश आहे, माती आहे, पक्षी आहेत. मग त्याला सर्व काही मिळाले का? नाही. त्याला आईबापांचा वेळ मिळत नाही, कारण तो वेळ टनावर विकला गेलेला असतो. म्हणून नुसत्या मोकळ्या हवेचे गुणगान मी करणार नाही. मोकळी हवा आणि निवांत माणूस ही दोन्ही एकत्र आली पाहिजेत. सावेडीच्या मुलाला पहिली मिळत नाही, फडावरच्या मुलाला दुसरा मिळत नाही. आपल्या ताटात जी साखर पडते तिच्यात त्या मुलाचा वाटा किती गेला आहे, याचा विचार साखरशाळांपुरता मर्यादित राहू नये, असे माझे मत आहे.

आरोग्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते सांगणारे डॉक्टर या गावात माझ्याहून अधिक जाणकार आहेत. दिवे लावलेल्या खोलीतल्या उजेडापेक्षा झाडाच्या सावलीतला दिवसाचा उजेडसुद्धा कितीतरी पट अधिक असतो, आणि वाढत्या डोळ्याला तो लागतो. तैवानात मुलांना लवकर चष्मे लागण्याचे प्रमाण फार वाढले होते. तेथील शाळांनी २०१० पासून मुलांना रोज दोन तास उघड्यावर नेण्याची मोहीम काढली आणि ते प्रमाण वाढावयाचे थांबून उतरू लागले. हे इतके स्वस्त औषध आहे.

आता मुलींविषयी. सकाळी फिरावयास गेलो की मी सहज पाहतो. आजोबांच्या किंवा बापाच्या बोटाला धरून चाललेली मुले अधिक दिसतात, मुली कमी. मुलगी चार वर्षांची झाली की 'ऊन लागेल, काळी पडेल, फ्रॉक मळेल' अशी कारणे निघतात. ज्या जिल्ह्यात चौंडीसारख्या लहानशा गावात १७२५ साली अहिल्याबाईंचा जन्म झाला आणि ज्याने २०२४ पासून त्यांचे नाव धारण केले, त्या जिल्ह्यातील मुलीला निदान झाडावर चढावयास कोणी हटकू नये. आणि बापांनो, हे काम आईवर ढकलू नका. तिला तो तास स्वयंपाकासाठी नव्हे, तिचा स्वतःचा म्हणून मिळाला, तर घरात दोघांचे कल्याण होईल.

कोणी विचारतात, जावयाचे कोठे? लांब जाण्याची गरजच नाही. लांब गेले की पोचण्याची घाई आलीच. उन्हाळ्यात आपल्याकडे ऊन चाळिशीला टेकते; तेव्हा सकाळी सात ते आठ ही वेळ धरावी, डोक्याला टोपी आणि बरोबर पाण्याची बाटली असावी. दगड उलटायचा झाल्यास आपण स्वतः उलटावा, तोही आपल्यापासून पलीकडे नव्हे तर आपल्या बाजूला उचलून, म्हणजे खाली विंचू असला तर तो समोर पळतो. मोबाइल घरी ठेवावा. 'फक्त एक फोटो' म्हणून तो निघतो आणि मग मूल फुलपाखराकडे बघावयाचे सोडून आपल्या हाताकडे बघू लागते. सावेडीहून निघणाऱ्याला कडुनिंबाचा मोहोर रस्त्यावरच आहे. जुन्या भिंतींच्या आडोशाला, जेथे पाऊस लागत नाही तेथे, बारीक धुळीत वाटीसारखे खळगे असतात. त्यांच्या तळाशी एक किडा दबा धरून बसतो आणि मुंगी घसरली की खालून धूळ उडवतो. ते पाहण्यात अर्धा तास सहज जातो. सवड काढता आली तर वर्षातून एकदा चांदबीबीच्या महालाकडे जावे. तो खरा सलाबतखानाचा मकबरा आहे, पण मुलाला त्याचे काय? त्याला वारा पुरतो. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचे अभयारण्य १९८० साली झाले आहे. ते लहानसेच आहे आणि तेथेही गडबड न करणाऱ्यालाच काही दिसते.

 पहिला पाऊस पडून गेला की माळावर, गवताच्या बुडाशी, तांबडा मखमली मृगाचा किडा बाहेर निघतो. तो मोजके दिवसच दिसतो. त्याला बोट लावले की तो पाय पोटाशी घेऊन गप्प होतो. मुलाच्या तळहातावर तो ठेवावा आणि हात हलवू नको म्हणावे. बऱ्याच वेळाने तो एकेक पाय बाहेर काढतो. ते मोजू द्यावेत. आठ भरतील, कारण तो खरे म्हटले तर किडा नव्हेच, कोळ्याच्या कुळातला आहे. पण हे सांगावयाची घाई नाही, आधी मोजून होऊ द्यावे.